पीच कॉबलर: ओतायचं पीठ, चमच्याने टाकायचे गोळे की लाटलेली पारी?

कॉबलर म्हणजे तळाला फळ, वर पिठाचा थर आणि दोन्ही एकाच भांड्यात एकदमच भाजलेलं. इतका साधा पदार्थ, पण कृती शोधायला बसलं की गोंधळ होतो. एकीकडे वितळलेल्या बटरवर सरसरीत पीठ ओततात. दुसरीकडे फळावर चमच्याने मऊ पिठाचे गोळे टाकतात. तिसरीकडे पारी लाटून तिच्या पट्ट्या विणतात. नाव मात्र तिन्हींचं कॉबलरच. पदार्थ अमेरिकेतला. १८५९ साली तिथे छापलेल्या एका शब्दकोशात कॉबलर म्हणजे पिठाच्या जाड थराने आतून मढवलेल्या भांड्यात भाजलेला फळांचा ‘पाय’ (पिठाच्या पारीत फळं भरून भाजतात तो), असं वर्णन आहे. म्हणजे ‘खरा’ कॉबलर हाच धरला, तर आज घरोघरी होणारे बहुतेक कॉबलर त्यात बसणारच नाहीत. त्या वादात न पडलेलं बरं.

ठरवायचं असतं ते वेगळंच. लोक चवीवरून प्रकार निवडतात आणि मग त्यात हाताला लागतील ते पीच घालतात. कॉबलर बिघडतो तो इथे. पीचमध्ये पाणी किती, ते पाणी भाजताना कुठे जाणार आणि पदार्थ ताटात कधी येणार, या तीन गोष्टी आधी बघितल्या की प्रकार जवळजवळ आपोआप ठरतो.

पुढची सगळी मापं २० सेंटिमीटर चौरस, ५ सेंटिमीटर खोल (सुमारे २ लिटरच्या) भांड्यासाठी, साधारण सहा जणांची आहेत. मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा ५ मिलीचा. बटर बिनमिठाचं धरलं आहे. खारं वापरलं तर पिठातलं मीठ गाळा.

आधी पीच बघा

पिकलेला पीच रंगावरून ओळखायचा, पण लाल रंगावरून नाही. लाली उन्हाची आणि जातीची असते. लालीच्या मधे दिसणारा मूळ रंग हिरवट असेल तर फळ कच्चं, पिवळा असेल तर तयार. देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबल्यावर किंचित दबलं पाहिजे आणि नाकाशी धरल्यावर वास आला पाहिजे. वास नसेल तर भाजूनही तो येणार नाही.

कडक फळं कागदी पिशवीत घालून एक ते तीन दिवस बाहेर ठेवा. कच्ची फळं फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत पिकण्याची क्रिया बिघडते आणि गर रवाळ, कोरडा होतो. मग तो कितीही शिजवला तरी तसाच राहतो. फ्रिज पिकलेल्या फळासाठी, तोही दोन-तीन दिवस.

कोय सुटी होणारी जात असेल तर फळ मधोमध कापून दोन अर्ध उलट दिशांना पिळले की हातात दोन वाट्या येतात. कोयीला गर चिकटून राहणाऱ्या जातीत हा खटाटोप करू नका. कोयीभोवतीने सुरीनेच फोडी उतरवा, नाहीतर अर्धा गर मुठीत चेचला जातो. पिवळा पीच आंबटगोड असतो, भाजल्यावर चव टिकते. पांढरा नुसता गोड आणि नाजूक. तोच वापरायचा असेल तर लिंबू दुप्पट करा आणि साखर २० ग्रॅमने कमी.

सोलायला फळाच्या बुडाशी फुलीसारखी उथळ चीर द्या. उकळत्या पाण्यात ३० ते ६० सेकंद, लगेच बर्फाच्या पाण्यात. पिकलेल्या फळाची साल चिरेपासून सपकन निघते. निघत नसेल तर फळ कच्चट आहे. त्याला आणखी उकळत बसू नका, सोलाणं घ्या. साल ठेवली तर? बिघडत काही नाही, पण भाजताना ती फोडीपासून सुटून गुंडाळते आणि घासात चिवट पापुद्रे येतात.

एक किलो पीच, म्हणजे मध्यम आकाराचे सहा-सात, सोलून आणि कोय काढून ८०० ग्रॅमच्या आसपास फोडी देतात. फोडी दीड ते दोन सेंटिमीटर जाड. पातळ कापल्या की विरघळून जातात आणि खाली मुरांबा उरतो.

आता पाण्याचा अंदाज. फोडींना साखर आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवा, मग चाळणीवर निथळा. खाली चार-पाच चमचेच रस जमला तर फळ कोरडं. पाऊण कपाच्या वर गेला तर रसाळ. हा रस टाकायचा नाही, छोट्या पातेल्यात आटवून ६० मिली करायचा. चव त्यातच असते. ही एक पायरी गाळणारे लोक नंतर कॉबलर पाणचट झाल्याचा दोष कॉर्नफ्लोअरला देतात.

ओतायचं पीठ: सगळ्यात सोपं, पण रसाळ फळाशी पटत नाही

८५ ग्रॅम बटर भांड्यात घालून भांडं १७५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. वितळून फेसाळलं की बाहेर काढा, तपकिरी होऊ देऊ नका. १२५ ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम साखर, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर आणि पाव छोटा चमचा मीठ एकत्र करून त्यात २०० मिली दूध घाला. दूध फ्रिजमधलं गारढोण नको. गुठळ्या मोडेपर्यंतच हलवा. हे पीठ गरम बटरच्या मधोमध ओता. बटर कडांकडे सरकेल, काही पिठावर येईल. चमचा घालायची इच्छा होईल, घालू नका. वर ५०० ग्रॅम निथळलेल्या फोडी पसरा आणि आटवलेल्या रसाचे दोन-तीन चमचे शिंपडा. उरलेला रस वाढताना वरून घेता येतो. भाजायला ४५ ते ५० मिनिटं.

ढवळायचं का नाही, याचं उत्तर भांड्याच्या कडेला मिळतं. फोडी जड असल्याने खाली जातात, पीठ फुगून त्यांच्याभोवतीने वर येतं आणि कडेला साचलेल्या बटरमध्ये पिठाची किनार अक्षरशः तळली जाते. साखर जास्त असल्यामुळे ती किनार गडद, कुरकुरीत आणि किंचित चिवट होते. या प्रकाराची सगळी मजा त्या बोटभर किनारीत आहे. ढवळलं की बटर पिठात मिसळतं आणि हाती साधा केक येतो. पिठातली साखर १०० ग्रॅमच्या खाली आणली तरी हेच होतं, वर रंगही फिका येतो. गोड कमी हवं असेल तर फळातली साखर कमी करा, पिठातली नाही.

अडचण अशी की इथे पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. फळ पिठात बुडालेलं असतं, त्यातून सुटणारा रस पीठच पितं. म्हणून फळ ५०० ग्रॅमवर थांबवलं आहे आणि कॉर्नफ्लोअर अजिबात नाही. ‘फळ थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून ८०० ग्रॅम घातलं तर कडा करपतात आणि मधे तळहाताएवढा भाग लापशीसारखा राहतो. वेळ वाढवून तो सुधारत नाही.

भांडं हलवल्यावर मध्यभाग डुचमळायला नको. काडी फोडीत न खुपसता दोन फोडींमधल्या पिठात घाला. ओलसर कण चालतील, ओलं पीठ नाही.

चमच्याने टाकायचे गोळे: रसाळ, पिकलेल्या फळाचा हक्काचा सोबती

याला तिकडे बिस्किट कॉबलर म्हणतात. चहात बुडवायचं कडक बिस्किट इथे अभिप्रेत नाही. बाहेरून खरपूस आणि आतून पावासारखा मऊ, पदरदार गोळा, असं ते असतं.

८०० ग्रॅम फोडी, त्यांना लावलेली ८० ग्रॅम साखर आणि लिंबू, आटवून गार केलेल्या ६० मिली रसात कालवलेलं एक मोठा चमचा (८ ग्रॅम) कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ. हे सगळं भांड्यात घालून २०० अंशांवर वर काही न टाकता ओव्हनमध्ये ठेवा. १२ ते १५ मिनिटांत कडेला बुडबुडे दिसू लागतात.

तेवढ्या वेळात पीठ. १५० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम साखर, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, सपाट पाव छोटा चमचा खायचा सोडा, पाव चमचा मीठ. त्यात ७० ग्रॅम फ्रिजमधलं कडक बटर बोटांच्या टोकांनी चोळा. वाटाण्याएवढे तुकडे दिसत असतानाच थांबा. १०० ग्रॅम दही आणि ३० मिली दूध फेटून ओता आणि काट्याने दहा-बारा वेळा फिरवा, बस्स. कोरडं पीठ कुठे कुठे दिसलं तरी चालेल. मूळ कृतींत बटरमिल्क लिहिलेलं असतं. ते घट्टसर आणि आंबट असतं, पाणी घालून घुसळलेलं पातळ ताक त्याच्या जागी चालत नाही. आणि दही-दूध मिसळून ठेवलं तरी चालतं, पण कोरड्या पिठात ओतल्यावर थांबायचं नाही. सोडा आंबटपणाला भेटला की त्याचं काम सुरू होतं. अर्ध्या तासाने त्यात दम उरत नाही.

गरम फळ बाहेर काढा, हलक्या हाताने एकदा ढवळा आणि त्यावर आठ-नऊ गोळे टाका. गोळ्यांमध्ये बोटभर फट ठेवा. गोळे दाबून सपाट करू नका. पुन्हा ओव्हनमध्ये, २५ ते २८ मिनिटं.

फळ आधी गरम का करायचं? गार फळ उकळायला सहज अर्धा तास घेतं. तोवर गोळ्याचा माथा तांबूस होऊन जातो आणि बूड मात्र कोमट रसात भिजत बसतं. वरून तयार दिसणारा गोळा खालून कच्चट निघतो तो यामुळे. फळ उकळत असेल तर गोळा टाकल्या क्षणापासून खालून वाफेवर आणि वरून धगीवर शिजतो. फटींमधून वाफ निसटते आणि रसही आटतो. फळात पाणी जास्त असेल तर हाच प्रकार निवडा असं म्हणतो ते या उघड्या फटींच्या जोरावर.

वरच्या रंगावर विसंबू नका. मधला गोळा काट्याने उचला आणि बूड बघा. पावाच्या आतल्या भागासारखं कोरडं, जाळीदार दिसलं तर झालं. ओलं, चकचकीत, पिठूळ दिसलं तर आणखी पाच-सात मिनिटं. माथे आधीच लाल झाले असतील तर वर फॉइल सैल टाका. तापमापक असेल तर गोळ्याच्या मध्यात ९३ ते ९५ अंश.

पहिल्यांदाच करणाऱ्याला आम्ही डोळे झाकून हा प्रकार सांगू. चूक झाली तरी ती वेळेत दिसते आणि सुधारता येते. ओतायच्या पिठात ती कापल्यावरच कळते.

लाटलेली पारी: वेळ असेल तरच

१६० ग्रॅम मैदा, दोन छोटे चमचे साखर, पाव चमचा मीठ, ११० ग्रॅम गार बटर, ४० ते ५० मिली बर्फाचं पाणी. बटर चोळून, पाणी थोडं थोडं घालून गोळा होईल इतपतच एकत्र करा. मळलं की पारी चिवट होते आणि भाजताना आक्रसते. चपटा गोळा करून, गुंडाळून, एक तास फ्रिजमध्ये. मग ३ मिलिमीटर जाड लाटा आणि दोन-अडीच सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा.

फळ गोळ्यांच्या कृतीसारखंच, पण साखर १०० ग्रॅम आणि कॉर्नफ्लोअर दीड मोठा चमचा. आणि एक गोष्ट बरोबर उलटी: इथे फळ गार हवं. गोळ्यांना उकळतं फळ लागतं, पारीला मात्र उकळत्या फळावर ठेवलं की तिच्यातलं बटर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळून वाहतं आणि पापुद्रे सुटत नाहीत. दोन कृतींची सरमिसळ करणारे इथेच फसतात.

पट्ट्या विणा किंवा नुसत्या आडव्या-उभ्या मांडा, चवीत फरक नाही. अखंड पारी झाकणासारखी लावली तर वाफ कोंडते. तसं करायचंच असेल तर पाच-सहा लांब चिरा द्या. बोटाच्या ठशासारखी भोकं भाजताना बुजतात. वरून दूध आणि चमचाभर साखर. २१० अंशांवर २० मिनिटं, मग १८० वर आणखी ३० मिनिटं.

झालं की नाही हे बुडबुडे सांगतात. सुरुवातीला कडेने भराभर फुटणारे, पातळ, फेसाळ बुडबुडे दिसतात. तो नुसता रस आहे, स्टार्च अजून पुरता फुललेला नाही. नंतर बुडबुडे मोठे होतात, सावकाश फुगतात, फुटताना बद्द असा जड आवाज करतात आणि फुटलेल्या जागी क्षणभर खळगा राहतो. हे मधोमध दिसलं पाहिजे. कॉर्नफ्लोअर ९५ अंशांच्या आसपास पूर्ण काम करतं आणि भांड्याचा मध्यभाग तिथे सगळ्यात शेवटी पोचतो.

या प्रकाराला तळाला पारी नसते. घालायचा मोह होतो, पण रसाखालची पारी आधी वेगळी भाजल्याशिवाय कोरडी राहत नाही. ते काम पायचं, कॉबलरचं नाही.

आकडे शेजारी शेजारी

| | ओतायचं पीठ | गोळे | पारी |
|---|---|---|---|
| फोडी | ५०० ग्रॅम | ८०० ग्रॅम | ८०० ग्रॅम |
| फळातली साखर | ५० ग्रॅम | ८० ग्रॅम | १०० ग्रॅम |
| बटर | ८५ ग्रॅम, वितळलेलं | ७० ग्रॅम, गार | ११० ग्रॅम, गार |
| कॉर्नफ्लोअर | नाही | १ मोठा चमचा | १½ मोठा चमचा |
| पीठ घालताना फळ | घरच्या तापमानाला | उकळतं | गार |
| हातचं काम | ३० मिनिटं | ४५ मिनिटं | सव्वा तास, वर एक तास फ्रिज |
| भाजणं | ४५–५० मिनिटं | एकूण ४० मिनिटं | ५० मिनिटं |
| वाढण्याआधी थांबणं | २० मिनिटं | ३० मिनिटं | २ तास |

हातच्या कामात पीच सोलणं धरलं आहे, फोडी साखरेत मुरायचा अर्धा तास नाही. डब्यातले पीच घेतले तर ओतायच्या पिठाचं काम दहा मिनिटांवर येतं.

शेवटची ओळ लोक वाचत नाहीत. ओव्हनमधून काढल्यावर रस पातळच असतो, निवताना दाट होतो. पारीचा कॉबलर गरम असतानाच कापला तर ताटात सूप येतं आणि करणारा म्हणतो, कॉर्नफ्लोअर कमी पडलं. पुढच्या वेळी तो तीन चमचे घालतो आणि गारगोटीसारखा जेली झालेला थर खातो.

ताजे, गोठवलेले की डब्यातले

पीचचा हंगाम नसेल तर डब्यातल्या पीचला नाक मुरडू नका. वास नसलेल्या, कडक ताज्या फळापेक्षा ते निश्चित बरे. डब्यासाठी बहुधा कोयीला चिकटणाऱ्या जाती वापरतात, त्यांचा गर घट्ट असतो आणि भाजूनही फोड फोडच राहते. ते आधीच शिजलेले असतात आणि त्यांचं सुटायचं पाणी पाकात सुटून गेलेलं असतं. म्हणून ओतायच्या पिठाशी त्यांची जोडी उत्तम जमते. सुमारे ८२० ग्रॅमचा एक डबा निथळला की ५०० ग्रॅमच्या आत-बाहेर फोडी मिळतात, म्हणजे बरोबर एका घाण्याचं माप. दहा मिनिटं चाळणीवर ठेवा. दाट पाकातले असतील तर फळात वेगळी साखर नको आणि लिंबू दीड चमचा करा. पाक फार गोड वाटला तर फोडी पाण्याखाली एकदा धुतल्या तरी हरकत नाही. गोळ्यांच्या प्रकारात डब्यातले पीच वापरले तर फळ एकटं १५ मिनिटं भाजू नका. पातेल्यात रस-कॉर्नफ्लोअरसकट एक उकळी आणा आणि लगेच गोळे टाका, नाहीतर फोडींचा लगदा होईल.

गोठवलेल्या पीचचं गणित वेगळं आहे. बर्फाच्या कणांनी गराच्या पेशी फुटलेल्या असतात, त्यामुळे वितळताना पाणी भसाभस सुटतं. चाळणीत, खाली वाडगा ठेवून, रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या. जमलेला रस आटवून ६० मिली करा, मग ताज्यासारखेच वापरा. गोळे किंवा पारी, दोन्ही चालतात. ओतायच्या पिठावर गोठलेल्या फोडी तशाच टाकणं ही सगळ्यात वाईट जोडी. खालचं गरम बटर क्षणात थिजतं, पीठ गार पडतं आणि पाऊण तासाने मधोमध कच्चंच असतं.

वितळवायला वेळ नसेल तर गोळ्यांच्या प्रकारात गोठलेल्या फोडी घालता येतील. तेव्हा फळ एकटं २५ ते ३० मिनिटं भाजा, बुडबुडे येईपर्यंत, आणि कॉर्नफ्लोअर अर्धा चमचा वाढवा.

दाटपणा, वास, भांडं

अमेरिकी कृतीत ‘कॉर्नस्टार्च’ म्हणतात ते आपलं पांढरंशुभ्र कॉर्नफ्लोअर. तिथलं ‘कॉर्न फ्लोअर’ म्हणजे मक्याचं बारीक पीठ, ते वेगळं. कॉर्नफ्लोअर नेहमी गार रसात कालवून घाला, गरम फोडींवर भुरभुरलं की गुठळ्या होतात. त्याऐवजी मैदा वापरला तर दुप्पट लागतो आणि रस गढूळ दिसतो. कॉबलर करून फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर टॅपिओका स्टार्च घ्या. कॉर्नफ्लोअरने बांधलेला रस गोठून वितळला की पाणी सोडतो.

दालचिनी अर्धा छोटा चमचा पुरे. जास्त झाली की पीच कुठला आणि सफरचंद कुठलं, कळत नाही. त्यापेक्षा बदामाच्या इसेन्सचे दोन-तीन थेंब घालून बघा. पीच आणि बदाम एकाच कुळातले आणि पीचच्या वासात तो धागा मुळातच असतो. कोयीच्या आतली बी मात्र त्यासाठी फोडू नका. तिच्यातल्या अमिग्डालिनपासून सायनाइड तयार होतं.

भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं सगळ्यात सोयीचं. काचेतून तळाचा रंग दिसतो, ओतायच्या पिठाला ते फार उपयोगी. फक्त फ्रिजमधलं काचेचं भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ढकलू नका, तडकतं. बिनलेपाचं अ‍ॅल्युमिनियम आंबट रसाला धातूची चव आणतं. चांगलं सिझन झालेलं (तेल लावून, तापवून मुरवलेलं) बिडाचं भांडं कुरकुरीत कडेसाठी फार छान, पण उरलेला कॉबलर त्यातच रात्रभर ठेवला तर सकाळी रस काळसर आणि लोखंडी लागतो.

पंखा चालू असलेल्या ओव्हनमध्ये सगळी तापमानं १५ ते २० अंशांनी खाली घ्या. छोट्या ओव्हनमध्ये भांडं वरच्या रॉडच्या फार जवळ येतं, तेव्हा एक कप्पा खाली ठेवा. आणि खाली एक ट्रे हवाच. उतू गेलेला साखरेचा रस ओव्हनच्या तळावर करपला की घरभर धूर होतो.

मैदा वजनानेच घ्या. कप पिठात खुपसून भरला तर १४० ते १५० ग्रॅम बसतो, चमच्याने हलका भरला तर १२० ते १२५. तेवढ्या फरकाने गोळे घशात अडकतील इतके कोरडे होतात.

काय बिघडलं, कशामुळे

गोळे पसरून एकसंध पोळी झाली: बटर मऊ होतं किंवा दही-दूध जास्त पडलं. गोळे आखूडच राहिले, जड झाले: पीठ जास्त कालवलं, नाहीतर बेकिंग पावडर जुनी. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली तर ठीक. पिठाला साबणासारखी चव: सोडा पाव चमच्याच्या वर गेला. पारी फळात खचली: फळ गरम होतं किंवा भांडं कडेपर्यंत भरलेलं नव्हतं, त्यामुळे पट्ट्यांना टेकायला काही नव्हतं. ओतलेलं पीठ वर आलंच नाही आणि फोडी तशाच उघड्या राहिल्या: पीठ फार घट्ट झालं असणार, किंवा फोडींचा थर सलग पडला. फोडींमध्ये जागा दिसली पाहिजे.

रस खूप पातळ राहिला आणि पाहुणे दारात आहेत, अशा वेळी गोळ्यांच्या कॉबलरमधले गोळे चपट्या उलथण्याने ताटलीत काढून घ्या, रस पातेल्यात गाळून पाच मिनिटं उकळवा आणि परत ओता. कुणाला कळत नाही. बाकी दोन प्रकारांत ही सोय नाही.

कधी खाणार?

दुपारी करून रात्री वाढायचा असेल तर पारी. तिला तसंही दोन तास थांबावंच लागतं आणि ती चार-सहा तास खुसखुशीत टिकते. जेवण चालू असताना ओव्हनमध्ये आणि जेवण आटपल्यावर ताटात, असा बेत असेल तर गोळे. फळ आणि कोरडं पीठ सकाळीच तयार ठेवता येतं, दही-दूध तेवढं ऐनवेळी घालायचं. ओतायच्या पिठाचा कॉबलर त्या दिवशीच, शक्यतो दोन तासांत संपवायचा. कुरकुरीत किनार संध्याकाळपर्यंत मऊ पडते, मग त्यात आणि साध्या ओलसर केकमध्ये फारसा फरक राहत नाही.

उरलेलं निवल्यावर झाकून फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं. गरम करायला १७५ अंशांच्या ओव्हनमध्ये १५ मिनिटं, पहिली दहा फॉइल झाकून, शेवटची पाच उघडं. मायक्रोवेव्हमध्ये फळ उकळतं आणि वरचं पीठ रबरासारखं होतं. तिथेच करायचं असेल तर वरचा थर बाजूला काढून फक्त फळ गरम करा, आणि पारी किंवा गोळा तव्यावर झाकण न ठेवता मंद आचेवर शेकून घ्या.